सिली, फूलिश, स्टुपिड, ॲब्सर्ड: इंग्रजीतला ‘मूर्ख’ नेमका कुठला?

गेल्या पावसाळ्यात माझ्या संध्याकाळच्या वर्गातला एक मुलगा दोन दिवस गप्प गप्प होता. लातूरहून आलेला, हिंजवडीत नोकरी लागून जेमतेम दोन महिने झालेले. तिसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मागे थांबला आणि म्हणाला, “मॅडम, आमच्या मॅनेजर मला मूर्ख म्हणाल्या.”

झालं होतं ते असं. कामावरून निघायला उशीर झाला, पावसात बस मिळेना, म्हणून मॅनेजरबाईंनी याला स्वतःच्या कॅबमधून शिवाजीनगरपर्यंत आणून सोडलं. उतरताना यानं पाकिटातून अर्धं भाडं काढून पुढे केलं. बाई बरीच वर्षं इंग्लंडात राहून आलेल्या. त्या हसून म्हणाल्या, “डोन्ट बी सिली!” यानं मनातल्या मनात भाषांतर केलं, ‘मूर्खपणा करू नकोस,’ आणि ते मनाला लावून घेतलं.

मी विचारलं, “तुझ्या आत्याला तू असे पैसे द्यायला गेलास, तर ती काय म्हणेल?” क्षणाचाही विचार न करता तो म्हणाला, “काहीतरीच काय! ठेव ते खिशात.”

मॅनेजरबाईंनी नेमकं तेच म्हटलं होतं. ‘डोन्ट बी सिली’ला मराठीत ‘काहीतरीच काय!’ याहून चपखल दुसरं काही मला आजवर सापडलेलं नाही. दोन दिवस त्या मुलाच्या जिवाला लागलेला घोर एका चुकीच्या भाषांतराचा होता. गावाकडून शिकायला किंवा नोकरीला पुण्यात आलेल्या प्रत्येकाची ही अडचण कधी ना कधी होते, म्हणून वर्गात मी हे शब्द ज्या क्रमानं शिकवते त्याच क्रमानं इथे लिहिते आहे.

पहिली पायरी: ‘मूर्ख’ हा शब्द बाजूला ठेवा

शाळेत आपण पाठ केलं: सिली म्हणजे मूर्ख, फूलिश म्हणजे मूर्ख, स्टुपिड म्हणजे मूर्ख. एका शब्दाला एक शब्द. परीक्षेपुरतं ते चाललं, माणसांत चालत नाही.

एक वही घ्या आणि आपण दिवसभरात मराठीत काय काय म्हणतो ते लिहून काढा. येडा, खुळा, बावळट, वेंधळा, मठ्ठ, बिनडोक, पोरकट, पांचट, चक्रम, भोळसट, अर्धवट. आजी नातीला ‘येडी गं माझी’ म्हणते आणि कुशीत घेते. तिथे ‘बिनडोक’ म्हणून बघा, घरात रडारड होईल. ‘वेंधळा’ माणूस छत्री विसरतो, ‘मठ्ठ’ माणसाला चारदा सांगूनही कळत नाही, ‘चक्रम’ कधी काय करेल याचा नेम नसतो. हा फरक तुम्हाला कुणी शिकवलेला नाही, तो तुमच्या कानात आहे. इंग्रजी शब्द शिकताना हाच कान वापरायचा.

मोल्सवर्थनं सुरू केलेला आणि थॉमस कँडीनं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 सालचा. हे कँडी पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची व्यवस्था पाहत. त्यांच्या कोशात एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्दांची रांग लागलेली दिसते. रांग तोडून एकच शब्द उरवला तो पुढच्या काळातल्या गाइडांनी. अप्पा बळवंत चौकात जाल तेव्हा गाइड घेऊ नका. विद्यार्थ्यांसाठी असलेला इंग्रजी-इंग्रजी कोश जुन्या पुस्तकांत बघा. त्यात प्रत्येक शब्दाखाली वाक्यं असतात, आणि या शब्दांचा खरा अर्थ त्या वाक्यांत असतो.

दुसरी पायरी: दगड कुणाला लागतोय ते बघा

शब्द निवडण्याआधी स्वतःला विचारा: मला माणसाबद्दल बोलायचंय, त्याच्या एका कृतीबद्दल, की एखाद्या गोष्टीबद्दल, म्हणजे नियम, किंमत, मागणी, कल्पना?

‘यू आर स्टुपिड’ हा दगड थेट माणसाच्या बुद्धीवर बसतो. ‘दॅट वॉज अ फूलिश डिसिजन’ हा निर्णयावर बसतो, माणूस शाबूत राहतो. ‘दॅट्स ॲब्सर्ड’ म्हटलं की दगड युक्तिवादाला लागतो. कचेरीत भांडणं होतात ती बहुतेक इथेच, कारण बोलणाऱ्याला कृतीबद्दल बोलायचं असतं आणि वाक्य माणसावर पडतं.

तिसरी पायरी: ‘सिली’ नीट समजून घ्या

या शब्दाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण तो सर्वांत मऊ आहे आणि आपण त्यालाच सर्वांत कडक समजतो.

सिलीचा मूळ अर्थ ऐकून वर्गात दर वेळी सगळे चकित होतात. जुन्या इंग्रजीत तो ‘सेलिग’ होता आणि त्याचा अर्थ होता सुखी, धन्य, देवाची कृपा असलेला. जर्मनमधला त्याचा भाऊ आजही ‘धन्य’ याच अर्थानं वापरतात. मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर विचारून बघा. इंग्रजीत मात्र हा शब्द पायरी पायरीनं उतरत गेला: धन्य, मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा, आणि शेवटी अक्कल नसलेला.

आपल्याकडे हुबेहूब असंच घडलेलं आहे. सम्राट अशोक शिलालेखांत स्वतःला ‘देवानांप्रिय’ म्हणवतो, देवांचा लाडका. पुढे संस्कृत व्याकरणकारांनी याच शब्दाचा अर्थ दिला मूर्ख. ‘भोळा’ शब्दही बघा. भोळा शंकर म्हटलं की हात जोडले जातात, आणि ‘भोळाच आहे तो’ म्हटलं की कीव येते. सिलीच्या पोटात अजून तो जुना निष्पापपणा शिल्लक आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून तो लहान मुलांना, मित्रांना, नवऱ्याला, कुत्र्यामांजरांना प्रेमानं म्हणता येतो. ‘यू सिली बॉय’ म्हणजे ‘येड्या!’, आणि ‘येड्या’तला सगळा जिव्हाळा त्यात येतो.

सिली कुठे कुठे भेटतो?

आग्रहात आणि नकारात: वर सांगितलेलं ‘डोन्ट बी सिली’. तुम्ही माफी मागता, पैसे देऊ करता, ‘मी त्रास तर देत नाही ना?’ विचारता, आणि समोरचा असं म्हणतो. रागावू नका, तुमचा संकोच तो मोडून काढतोय.

गंमतीत: सिली हॅट, सिली जोक, सिली फेस. मुद्दाम केलेला पोरकटपणा. दहा माणसं तोंडं वेडीवाकडी करून सेल्फी काढतात तो सिली फोटो.

क्रिकेटमध्ये: सिली पॉइंट, सिली मिड-ऑन, सिली मिड-ऑफ. मराठी माणसानं सिली हा शब्द बहुधा पहिल्यांदा इथेच ऐकलेला असतो. तिथे उभा राहणारा क्षेत्ररक्षक मूर्ख नसतो, उलट संघातला सर्वांत धीट गडी असतो. बॅटच्या इतक्या जवळ उभं राहणं म्हणजे जीव धोक्यात घालण्याचा खुळेपणा, म्हणून त्या जागेला ते नाव. शब्द जागेला चिकटलाय, माणसाला नाही. दुसऱ्या पायरीवर सांगितलं ते हेच.

क्रियापदाच्या मागे: ‘आय लाफ्ड मायसेल्फ सिली.’ इथे सिलीचा अर्थ ‘पार’, ‘पुरेवाट होईपर्यंत’. हसून हसून पुरेवाट झाली.

वर्तमानपत्रात: इंग्लंडात ऑगस्टच्या सुमारास पार्लमेंट बंद असतं, बातम्या आटतात आणि पानं भरायला काहीबाही छापलं जातं. त्या दिवसांना ‘सिली सीझन’ म्हणतात. 1861पासून हा शब्दप्रयोग चालत आलेला आहे.

आणि आता ‘सिली मिस्टेक’. आपल्याकडे दहावीच्या प्रत्येक घरात हा शब्द आहे. ‘गणितात सिली मिस्टेकमुळे चार मार्क गेले.’ म्हणजे उत्तर येत होतं, अधिकाचं उणे लिहिलं गेलं. हा वापर बरोबर आहे. पण नोकरीत एक पथ्य पाळा. तुमच्या चुकीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं असेल तर तिला तुम्ही स्वतः सिली म्हणू नका. चूक किरकोळ होती असा त्याचा सूर निघतो, आणि ते ठरवायचा अधिकार ज्याचं नुकसान झालं त्याचा असतो. तिथे ‘केअरलेस मिस्टेक’ म्हणा, किंवा सरळ ‘माय मिस्टेक’ म्हणा.

चौथी पायरी: फूलिश आणि स्टुपिड वेगळे करा

आधी उच्चार. पोट भरलं असेल तर ‘फुल’, ऱ्हस्व. दीर्घ ‘फूल’ म्हणजे मूर्ख. जेवणाचा आग्रह मोडताना ‘आय ॲम फूल’ म्हणणारे मी दर बॅचमध्ये ऐकते. आरशासमोर दहा वेळा म्हणा: फुल, फूल, फुल, फूल. मराठी ऱ्हस्व-दीर्घाची सवय इथे कामाला येते.

फूल या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘फॉलिस’ आहे. फॉलिस म्हणजे लोहाराचा भाता. नुसती हवा भरलेला माणूस, बोलायला भरपूर आणि आत काही नाही. संस्कृतात ‘वातुल’ म्हणजे वाऱ्यानं भरलेला, आणि वेडाही. दोन्हीकडच्या लोकांना एकच चित्र सुचलं, याचा मला फार आनंद होतो.

फूलिश म्हणजे अक्कल होती, वापरली नाही. परिणाम दिसत होता तरी केलं. आपल्या भाषेत, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. बचत होती नव्हती ती सगळी एकाच ठिकाणी गुंतवली, बॅकअप न घेता सर्व्हर बंद केला, विनाहेल्मेट मुंबई-बंगळूर महामार्गावर गाडी घातली, हे सगळं फूलिश. शब्द थोडा जुना, थोडा पुस्तकी आहे, म्हणून लेखी मजकुरात शोभतो. ‘इट वुड बी फूलिश टू लाँच विदाउट टेस्टिंग’ हे वाक्य ई-मेलमध्ये खुशाल लिहा. त्यात काळजी दिसते, अपमान दिसत नाही.

स्टुपिडचं मूळ लॅटिन ‘स्टुपेरे’, सुन्न होणं. बधिरावस्थेला इंग्रजीत ‘स्टुपर’ म्हणतात तो त्याच घरातला, आणि थक्क करणारं या अर्थाचा ‘स्टुपेंडस’ही त्याच घरातला. डोकं सुन्न झालंय, आत काही शिरत नाही, तो स्टुपिड. आपला ‘मठ्ठ’ त्याच्या अगदी जवळचा.

म्हणून स्टुपिड लागतो. फूलिश माणूस उद्या शहाणा होऊ शकतो, पण स्टुपिड म्हटलं की त्याच्या बुद्धीवरच शिक्का बसतो. इंग्रजी बोलणाऱ्या कित्येक घरांत लहान मुलांना हा शब्द उच्चारू देत नाहीत. आपल्याकडे मात्र हिंदी मालिकांतून आणि कॉलेजच्या कट्ट्यावरून तो इतका सैल झालाय की मुलं कुणालाही ‘स्टुपिड’ म्हणून मोकळी होतात. परदेशी सहकाऱ्याशी बोलताना हे अजिबात करू नका.

दोन ठिकाणी तो निर्धोक आहे. एक, निर्जीव वस्तूंवर चिडताना: ‘धिस स्टुपिड प्रिंटर!’ दुसरं, स्वतःबद्दल: ‘दॅट वॉज स्टुपिड ऑफ मी.’ मीटिंगमध्ये शंका विचारायला भीती वाटत असेल तर सुरुवात अशी करा: ‘धिस मे बी अ सिली क्वेश्चन, बट...’ समोरचा बहुतेक वेळा ‘नॉट ॲट ऑल’ म्हणतो आणि नीट समजावून सांगतो. नव्या माणसासाठी हे वाक्य सोन्यासारखं आहे.

पाचवी पायरी: गोष्टच बिघडली असेल तर

आता माणूस सोडून द्या. रिडिक्युलस, लूडिक्रस आणि ॲब्सर्ड हे तिघे मुख्यतः गोष्टींसाठी आहेत.

रिडिक्युलस आलाय ‘हसणं’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून, म्हणून कोशात ‘हास्यास्पद’ असं दिलेलं असतं. पण आज हा शब्द उच्चारणारा माणूस बहुधा हसत नसतो, वैतागलेला असतो. ‘द रेंट इज रिडिक्युलस’ म्हणजे ‘भाडं म्हणजे अतीच झालंय!’ ‘काय चेष्टा लावलीय?’ या मराठी प्रश्नातही असाच हसण्याचा शब्द आणि आत राग असतो. लिहिताना डीच्या आधी आय येतो, ई नाही. पुष्कळ जण तिथे चुकतात.

लूडिक्रसचं मूळ ‘खेळ’. आपण लहानपणी खेळलो त्या लूडोचा लॅटिनमध्ये अर्थच ‘मी खेळतो’. प्रमाण इतकं बिघडलंय की गंभीरपणे घेताच येत नाही, ते लूडिक्रस. रोजच्या बोलण्यात याची गरज फारशी पडत नाही.

ॲब्सर्डवर मात्र थांबायला हवं. लॅटिन ‘ॲब्सर्डस’ म्हणजे बेसूर. 1953 साली पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला पुण्यात आलेल्या माणसानं एकदा तरी जाऊन बसावं. गाणं सुरू होण्याआधी तानपुरे किती वेळ जुळवतात ते बघा. एक तार जराशी उतरलेली असेल तर ज्याला गाण्यातलं काही कळत नाही त्यालाही आत काहीतरी खटकतं. ॲब्सर्ड म्हणजे तर्काच्या बाबतीत नेमकं हेच खटकणं. इथे वेडेपणापेक्षा विसंगती महत्त्वाची आहे: कशाचा कशाला मेळ नाही.

यातला ‘सर्डस’ म्हणजे बहिरा, अस्फुट. नववीच्या गणितात ‘करणी’ शिकलात ना, दोनचं वर्गमूळ वगैरे? तिला इंग्रजीत ‘सर्ड’ म्हणतात, तो हाच शब्द. आणि दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे हे सिद्ध करताना आपण आधी उलटं गृहीत धरतो आणि शेवटी विसंगती गाठतो. अशा सिद्धतेचं लॅटिन नाव ‘रिडक्शिओ ॲड ॲब्सर्डम’. ॲब्सर्डचा सर्वांत शुद्ध अर्थ तिथे सापडतो: जे खरं असूच शकत नाही.

भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका बघायला गेलात तर ‘जरा ॲब्सर्ड आहे’ हे वाक्य कानावर पडेल. तिथे ते दूषण नाही, तो नाटकाचा एक प्रकार आहे. जगण्यातला मेळच हरवलाय, हे दाखवणारा.

राहिलेले काही, थोडक्यात

गूफी हा अमेरिकी शब्द. वेंधळा पण लोभस. डिस्नेचा त्याच नावाचा लांब कानांचा कुत्रा 1932 साली पडद्यावर आला. त्याचं चालणं आठवा, अर्थ कळेल.

डाफ्ट इंग्लंडात ऐकाल, अमेरिकेत क्वचित. आपल्या ‘खुळ्या’च्या जवळचा. ‘कुशल’ या अर्थाचा ‘डेफ्ट’ आणि डाफ्ट मुळात एकच.

नाइव्ह हा शब्द पुण्यात नव्यानं आलेल्यांनी नीट ओळखावा, कारण तो तुमच्याबद्दल वापरला जाण्याची शक्यता आहे. फ्रेंचमधून आलेला, मूळ अर्थ जन्मजात, नैसर्गिक. नाइव्ह माणसाला बुद्धी असते, जगाचा अनुभव नसतो. करार न वाचता घरमालकाच्या शब्दावर अनामत देणारा मुलगा नाइव्ह आहे, स्टुपिड नाही. यात थोडा कमीपणा आहे, पण तो वर्षभरात आपोआप गळून पडतो.

डम्ब म्हणजे मुळात मुका. मुक्या माणसाला बुद्धी नसते, या जुन्या गैरसमजातून तो दुसरा अर्थ घट्ट झाला, म्हणून मी वापरत नाही आणि वर्गातही वापरू देत नाही. इडियट आणि मोरॉन यांचंही तसंच. ग्रीकमध्ये ‘इडिओटेस’ म्हणजे सार्वजनिक कामात न पडणारा साधा खासगी माणूस होता. पुढे डॉक्टरांनी इडियट हा शब्द बौद्धिक अपंगत्वाच्या वर्गवारीसाठी घेतला, आणि 1910 साली हेन्री गोडार्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं त्याच वर्गवारीत मोरॉनची भर घातली. ज्या घरात असं मूल आहे त्या घरासमोर हे शब्द कसे वाटतील, याचा विचार करा.

सहावी पायरी: समोर कोण आहे?

मित्र असेल तर सिली, गूफी चालतात. वरिष्ठ असतील तर माणसाला यातलं कुठलंच विशेषण लावू नका. निर्णयाबद्दल बोला आणि ‘फूलिश’च्या जागी ‘रिस्की’ म्हणा. ग्राहकाला रिडिक्युलस कधीच म्हणू नका, मागणी कितीही अवाजवी असली तरी. आणि तुम्हाला कुणी यातलं काही म्हटलं, तर शब्दाआधी चेहरा बघा. आवाज चढला होता का? हसत होते का? लातूरच्या त्या मुलानं मॅनेजरबाईंचं हसू पाहिलं होतं, पण पाठ केलेल्या अर्थावर त्याचा जास्त विश्वास बसला.

सातवी पायरी: सराव

रोज बसमध्ये किंवा अमृततुल्यात चहा पिताना दिसेल त्या प्रसंगाला शब्द लावा. वर्गातले काही प्रसंग देते.

अनंत चतुर्दशीच्या दुपारी लक्ष्मी रस्त्यानं चारचाकी नेण्याचा बेत. पुणेकरानं केला तर फूलिश. कालच गावाहून आलेल्यानं केला तर नाइव्ह.

इंटरनेट बंद पडल्याची तक्रार फक्त संकेतस्थळावरच नोंदवता येईल, असा नियम. ॲब्सर्ड.

एका खोलीला बारा महिन्यांची अनामत. रिडिक्युलस.

भाचीनं मांजराला पुणेरी पगडी घातली. सिली, आणि फोटो काढा.

शेवटच्या प्रसंगावर मात्र वर्गात दोन तट पडले. जुलैत एक मित्र छत्री घेऊन सिंहगड चढला. वर वाऱ्यानं छत्री उलटी झाली, काड्या मोडल्या, तो चिंब भिजला. साताऱ्याची मुलगी म्हणाली, फूलिश. गडावर वारा असतो हे शेंबडं पोरही सांगेल. तो मित्र ज्याचा होता तो परभणीचा मुलगा ऐकेना, म्हणाला, सिली. मी विचारलं, “खाली आला तेव्हा कसा होता?” तो म्हणाला, “हसत होता मॅडम. मोडकी छत्री डोक्यावर धरून पिठलं-भाकरी खाल्ली आम्ही.”

मग सिलीच.